तात्कालिक जलतापक

पाणी साठवून न ठेवता ते वाहत असतानाच तापवून देणाऱ्या उपकरणास तात्कालिक जलतापक म्हणतात. टाकी नसल्यामुळे त्यास जागा कमी लागते आणि साठविलेले पाणी निवण्यात वाया जाणारी ऊष्मा वाचते. मात्र सर्व ऊष्मा काही क्षणांतच पुरवावी लागत असल्याने त्यास मोठी शक्ती लागते. ती घरात सुरक्षितपणे कशी आणावी, हाच या उपकरणाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न आहे.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात स्नानाचे पाणी चुलीवरील हंड्यात किंवा तांब्याच्या बंबात तापवीत. बंबाच्या मधल्या नळीत लाकूड वा कोळसा जळतो व तिच्याभोवतीचे पाणी तापते. हा साठवणीचाच प्रकार असून विस्तव मंद असला, तरी वेळ देऊन काम भागत असे.

वायू-जलतापक : लंडनमधील रंगकाम करणारे बेंजामिन वॉडी मॉन यांनी १८६८ मध्ये वायूच्या ज्योतीवर वाहते पाणी तापविणाऱ्या उपकरणाचे एकस्व घेतले. आइसलँडमधील प्रसिद्ध उष्णोदकाच्या फवाऱ्यावरून त्यांनी त्यास ‘गीझर’ हे नाव दिले. मराठीत तेच रूढ झाले आहे. जळालेले वायू बाहेर नेण्यासाठी त्यात धुराडे नसल्याने ते धोक्याचे होते. जर्मनीत ह्यूगो युंकर्स (१८५९–१९३५) यांनी १८९५ मध्ये डेसाऊ येथे स्थापन केलेल्या कारखान्यात स्नानगृहासाठी वायू-जलतापक तयार होऊ लागले. बंद न्हाणीघरात अपुऱ्या ज्वलनामुळे साचणारा कार्बन मोनॉक्साइड वायू मात्र आजही बळी घेतो. त्याला रंग वा वास नसल्याने तो लक्षात येत नाही.

विद्युत् जलतापक : ज्योत नसल्याने विजेवरील उपकरणात हा धोका उरत नाही. अमेरिकेत १९०५ च्या सुमारास ॲल्बर्ट मार्श यांनी निकेल व क्रोमियम यांची उच्च तापमानातही टिकणारी मिश्रधातू शोधल्यावर टिकाऊ तापन वेटोळी शक्य झाली. पुढे जर्मनीत त्रिकला पुरवठ्यावर चालणारे १८ ते २४ किवॉ. शक्तीचे जलतापक प्रचारात आले, तर ब्राझीलमध्ये फवाऱ्याच्या तोंडातच वेटोळे बसविलेली स्वस्त उपकरणे घरोघरी पोहोचली. तेथे सायंकाळी अनेक घरांत ती एकाच वेळी चालू झाल्याने विजेच्या मागणीवर मोठा ताण पडतो.

भारतात ‘इन्स्टंट’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक उपकरणांत १ ते ३ लि.चे लहान पात्र असते. त्यांची शक्ती बहुधा ३ किंवा ४.५ किवॉ. असते. म्हणजे ती काटेकोर अर्थाने टाकीविरहित नसतात. विजेवरील तात्कालिक जलतापकांसाठी ‘आयएस ८९७८’ हे भारतीय मानक आहे.

निवड : १ लि. पाण्याचे तापमान १° से.ने वाढविण्यास सु. ४.२ किलोजूल ऊर्जा लागते. ३ किवॉ. जलतापकातून २५° से.चे पाणी ४०° से.पर्यंत तापवून मिनिटास सु. २.९ लि. मिळते, पण मूळ पाणी १५° से.चे असल्यास केवळ सु. १.७ लि. मिळते. १५ लि.ची बादली पहिल्या स्थितीत सु. ५ मिनिटांत, तर दुसरीत सु. ९ मिनिटांत भरते. म्हणून जे उपकरण कोकणात पुरते, ते घाटमाथ्यावरील हिवाळ्यात अपुरे ठरू शकते. फवाऱ्याच्या सलग स्नानासाठी साठवणीचा जलतापक अधिक सोयीचा होतो.

उभारणी : २३० व्होल्ट दाबास ३ किवॉ. उपकरण सु. १३ अँपिअर प्रवाह घेते. त्यास १६ अँपिअरची जोडणी पुरते. ४.५ किवॉ. उपकरण सु. २० अँपिअर घेत असल्याने त्यास स्वतंत्र मंडल व जाड तार आवश्यक असते. तार अपुऱ्या जाडीची असल्यास ती तापून आग लागू शकते. ओल्या शरीरातून वीज सहज वाहत असल्याने खात्रीचे अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअर गळतीस पुरवठा तोडणारे साधन ही दोन्ही हवीत. वितळतार अतिप्रवाहापासून तारेचे रक्षण करते. प्राणघातक ठरू शकणाऱ्या अल्प गळतीने ती वितळत नाही. स्विच ओल्या हाताच्या टप्प्याबाहेर असावा. कठीण पाण्याने वेटोळ्यावर क्षारांचे कवच चढते व वेटोळे अतितप्त होऊन निकामी होते. अशा ठिकाणी ते वेळोवेळी साफ करावे लागते.