नाशिक रोडचं तिकीट

गाडीत शेजारच्या प्रवाशानं ‘कुठले तुम्ही?’ म्हणून विचारावं आणि मी ‘नाशिक रोड’ म्हणावं, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. ‘म्हणजे नोटा छापतात तिथले!’ मग डोळा मिचकावून, ‘एखादं बंडल घरी येतं की नाही?’ हा विनोद मी गेली चाळीस वर्षं ऐकतोय. सांगणाऱ्या प्रत्येकाला तो आपल्यालाच प्रथम सुचला असं वाटतं, म्हणून मी दर वेळी हसतो.

नोटांबद्दल मला विशेष काही सांगता येणार नाही. त्या माझ्या हातात फार काळ टिकल्या नाहीत. मला बोलायचंय ते नोटेच्या भावंडाबद्दल, जे किमतीनं धाकटं असलं तरी वयानं थोरलं आहे. टपालाच्या तिकिटाबद्दल.

आपल्या देशात सगळीकडे चालणारी टपाल तिकिटं १ ऑक्टोबर १८५४ रोजी सुरू झाली. त्यानंतर लवकरच त्यांच्या छपाईचं काम लंडनच्या ‘डी ला रू’ कंपनीकडं गेलं आणि सत्तर वर्षं तिकडंच राहिलं. म्हणजे सिन्नरहून निफाडला चिठ्ठी पाठवायची, तर तिच्यावरचा चौकोनी कागद बोटीनं लंडनहून येणार! १९२५ मध्ये सरकारनं हे काम इथं करायचं ठरवून नाशिक रोडला छापखाना उभा केला. मुख्य रेल्वेमार्ग, मुंबई जवळ आणि हवा कोरडी. कागद आणि गोंद या दोघांनाही मुंबईची दमट हवा मानवत नाही. १९२६ पासून इथली तिकिटं बाहेर पडू लागली. नोटांचा छापखाना त्यानंतरचा, १९२८ चा.

तोवर नाशिक रोड म्हणजे नाशिकचं स्टेशन, एवढंच. गावात जायचं तर घोड्यांची ट्राम होती. ती १८८९ मध्ये सुरू झाली आणि १९३० नंतर दोन-तीन वर्षांत बंद पडली. प्रेस आली आणि स्टेशनाभोवती वस्ती वाढली, चाळी आल्या, भोंग्यावर चालणारं आयुष्य आलं. आमच्याकडं आजही नुसतं ‘प्रेस’ म्हणतात. ‘प्रेसमध्ये आहे’ असं सांगितलं की मुलीचा बाप पुढचं विचारत नसे.

माझं लहानपण सत्तरच्या दशकातलं. घरात टीव्ही नाही, भिंतीवर एक कॅलेंडर. चित्रं पाहायला मिळायची ती पत्रांवर. तुम्हाला आठवत असतील ती तिकिटं. दोन पैशांवर बिदरी सुरई, चार पैशांवर कॉफीची फळं, दहा पैशांवर विजेचं इंजिन, पंधरा पैशांवर चहाची पानं खुडणारी बाई, वीस पैशांवर नॅट विमान, पन्नास पैशांवर आंबे. एक रुपयावर पत्र लिहिणारी स्त्री, जुन्या शिल्पातली. पाच रुपयांवर भाक्रा धरण आणि दहा रुपयांवर तुर्भ्याची अणुभट्टी. ती दोन मात्र आमच्या घरी कधी आली नाहीत, एवढं वजनदार टपाल आम्हाला कोण पाठवणार? पाच पैशांवर कुटुंबनियोजन होतं. आम्ही पाच भावंडं, आणि मामूंच्या सहाव्या अपत्याची खबर त्याच तिकिटानं आणली होती. अम्मीला वाचता येत नव्हतं, पण तिकिटाकडं बघून ती पदरात तोंड घालून हसली होती.

आज आकाशवाणीवरून बोलतोय म्हणून आणखी एक आठवतं. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. त्याआधीपासून रेडिओ सिलोन होतंच. फर्माइशीच्या कार्यक्रमांनी या देशाला पोस्टकार्ड लिहायला शिकवलं असं माझं मत आहे. झुमरी तलैया हे गाव नकाशात कुठं आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण तिथल्या लोकांना कोणती गाणी आवडतात हे साऱ्या देशाला ठाऊक होतं. पुढं नव्वदच्या दशकात दूरदर्शनवरच्या ‘सुरभि’ला इतकी कार्डं जाऊ लागली, की टपाल खात्याला स्पर्धांसाठी वेगळं, महाग पोस्टकार्ड काढावं लागलं.

आमच्या शेजारी एक काका प्रेसमध्ये होते. तिकिटांच्या कागदांना भोकं पाडतात त्या विभागात. ‘काका, आज काय छापलं?’ म्हणून आम्ही पोरं विचारायचो. ते म्हणायचे, ‘कागद.’ एवढंच. कागद मोजून घ्यायचा, मोजून द्यायचा, मोजणीत एक कमी आला तर कुणी घरी जायचं नाही. अशा ठिकाणी तीस वर्षं काढलेला माणूस घरी आल्यावरही मोजूनच बोलतो. त्यामुळं जे साऱ्या देशाच्या हातात पडत होतं, त्याबद्दल ते छापणाऱ्या गावात फारसं कुणी काही बोलत नव्हतं. आमच्याच गावाचा इतिहास मला सापडला तो मुंबईत.

१९९७-९८ ची गोष्ट. कवितांच्या एका कार्यक्रमासाठी पंचवटीनं मुंबईला गेलो होतो. कार्यक्रम संध्याकाळी, म्हणून फोर्टात भटकत होतो. एका फुटपाथवर जुनी नाणी, नोटा, तिकिटं मांडून एक म्हातारा बसला होता. त्यानं एक तिकीट चिमट्यानं उचलून दाखवलं. राजा सहावा जॉर्ज, आपल्याकडचं नेहमीचं तिकीट, पण राजाच्या चेहऱ्यावरून काळ्या अक्षरांत इंग्रजीत छापलेलं: पाकिस्तान. ‘ये नासिक का है,’ म्हातारा म्हणाला.

मला वाटलं, थाप मारतोय. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं, ते अगदी खरं होतं. १४ ऑगस्ट १९४७ रोजी नवा देश जन्माला आला, पण त्याच्याकडं तिकिटं छापण्याचा कारखाना नव्हता. तेव्हा हिंदुस्थानच्या तिकिटांवरच त्या देशाचं नाव छापून द्यायचं ठरलं. हे काम झालं नाशिक रोडला. १ ऑक्टोबर १९४७ रोजी ती तिकिटं तिकडं विक्रीला आली. आणि स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट? तिरंग्याचं, ‘जय हिंद’ लिहिलेलं, साडेतीन आण्यांचं? ते निघालं २१ नोव्हेंबरला. म्हणजे आमच्या प्रेसच्या तिकिटावर शेजारच्या नव्या देशाचं नाव आधी आलं, आपल्या नव्या देशाचा झेंडा सात आठवड्यांनी.

नोटांचंही तेच. रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया १९४८ च्या जूनअखेरपर्यंत दोन्ही देशांची बँक होती. त्या एप्रिलपासून पाकिस्तानात ज्या नोटा चालल्या, त्या इथंच छापलेल्या, आपल्याच नोटा होत्या. त्यांच्यावर इंग्रजीत ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ आणि उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ एवढी भर. आता त्याच दिवसांतलं नाशिक रोड डोळ्यांसमोर आणा. चार-पाच मैलांवर देवळालीच्या छावणीत सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसं उतरत होती. आणि इकडं प्रेसमध्ये सकाळच्या पाळीला कामगार येऊन, ज्या देशातून ती माणसं निघाली होती, त्या देशाचं नाव ओळीनं छापत होते. कागद मोजून घेत होते, मोजून देत होते. फाळणीवर मी पुष्कळ वाचलंय. कथा, कविता, आठवणी. पण हे कामगार कुठल्याही पुस्तकात मला भेटले नाहीत.

दुसऱ्याचं नाव छापून देण्याची प्रेसला तशी सवय होती. १९३७ मध्ये ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा झाला, तेव्हा आपल्याच तिकिटांवर ‘बर्मा’ छापलं गेलं. कुवेत, बहारीन इथली टपालव्यवस्था आपल्याकडून चालायची, तिथंही आपलीच तिकिटं वरून नाव छापून जायची. आमच्या मोहल्ल्यातली पोरं सत्तर-ऐंशीच्या दशकांत नोकरीसाठी आखातात जाऊ लागली तेव्हा केवढा गाजावाजा झाला! नाशिक रोडचा कागद त्यांच्या आधी कितीतरी वर्षं तिकडं जाऊन आला होता.

स्वातंत्र्यानंतर एक अडचण होती. आमच्या प्रेसकडं चेहरा नीट छापण्याची कला नव्हती. १५ ऑगस्ट १९४८ रोजी गांधीजींची तिकिटं निघाली, ती स्वित्झर्लंडमध्ये छापून आणावी लागली. सुंदर तिकिटं आहेत ती. ‘बापू’ हा शब्द नागरीत आणि उर्दूतही लिहिलेला आहे. मग फोटोग्रॅव्हर छपाई इथं आली. यात चित्र तांब्याच्या रुळावर बारीक खड्ड्यांत उतरवतात आणि त्या खड्ड्यांतली शाई कागदावर येते. त्यामुळं गालावरची सावलीसुद्धा उमटते. या छपाईची पहिली तिकिटं १ ऑक्टोबर १९५२ रोजी आली, आणि ती मंत्र्यांची किंवा सेनापतींची नव्हती. संतांची आणि कवींची होती. कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर. कबीर नऊ पैचा, सगळ्यांत स्वस्त. टागोर बारा आण्यांचे, सगळ्यांत महाग. कबीराला हे बहुधा आवडलं असतं. गालिब साडेचार आण्यांचा होता. म्हणजे आपल्या देशात बनलेला, सावल्यांसकटचा पहिला चेहरा कवीचा होता आणि तो आमच्या नाशिक रोडला बनला, ही गोष्ट मी कविसंमेलनात सांगतो तेव्हा श्रोते कवितेपेक्षा तिला जास्त दाद देतात. सांगून टाकतो, मला थोडं लागतं.

गालिबचं दुसरं तिकीट त्याच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९६९ मध्ये निघालं. त्यावर त्याच्या चेहऱ्याबरोबर त्याचा पत्रांवरचा शिक्का आहे. हे ज्यानं सुचवलं त्याला गालिब कळला होता. शेवटच्या वर्षांत हा माणूस पत्रांवर जगला. मित्र पांगलेले, दिल्ली उजाड, आणि रोज डाकेची वाट. त्याच्या पत्रांनी उर्दू गद्याला बोलायला शिकवलं. टपाल तिकीट सुरू झालं तेव्हा तो छप्पन वर्षांचा होता.

तसंच दादासाहेब फाळक्यांचं. आमच्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेला माणूस. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, १९१८ पासून चित्रपटांची कंपनी नाशकात चालवली, १९४४ मध्ये नाशकातच वारला. सिनेमाच्या आधी तो छपाईच्या धंद्यात होता, लोणावळ्याला रविवर्म्याच्या छापखान्यासाठी त्यानं काम केलं होतं. १९७१ मध्ये त्याच्या जन्मशताब्दीचं तिकीट निघालं. पुढं नर्गिस आली, सैगल आले, २००३ मध्ये रफी, मुकेश, किशोरकुमार, हेमंतकुमार एकदम आले. ही सगळी आमच्याकडं छापली असा दावा मी करणार नाही, हैदराबादलाही सरकारी छापखाना आहे. पण ज्यांची गाणी मागण्यासाठी लोकांनी कार्डं लिहिली, तेच आता कोपऱ्यावर येऊन बसले, याची गंमत वाटते.

आता त्या म्हाताऱ्याकडं घेतलेलं दुसरं तिकीट. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून लोंढे आले आणि सरकारनं टपालावर पाच पैशांचा निर्वासित-साहाय्य कर बसवला. सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या त्याच तिकिटावर वरून शब्द छापले, मग १ डिसेंबरला वेगळं तिकीट आलं. १९७३ च्या मार्चअखेरपर्यंत प्रत्येक पत्रावर हे जादा तिकीट लागत होतं. अब्बांच्या ट्रंकेतल्या जुन्या पाकिटांवर ते मी पाहिलेलं होतं, अर्थ ठाऊक नव्हता. म्हाताऱ्याकडचं तिकीट मात्र भारताचं नव्हतं. बांगलादेशाचं होतं. मुक्तीनंतर त्या देशानं नव्यानं काढलेलं पहिलं तिकीट, २१ फेब्रुवारी १९७२ चं. ते छापलं नाशिक रोडला. त्यावर आहे ढाक्याचा शहीद मिनार. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात गोळीबार झाला आणि काही तरुण मेले. त्यांचं मागणं एवढंच होतं, की उर्दूबरोबर आमची बांगलाही राज्याची भाषा असू द्या. मरणारे मुसलमान, मारणारं सरकारही मुसलमानांचं. पुढं युनेस्कोनं १९९९ मध्ये हाच दिवस मातृभाषा दिन ठरवला.

माझ्या घरी दखनी बोलतात. शाळा मराठी, कविता मराठी. मुशायऱ्यात मला विचारतात, ‘आप मराठी में क्यूँ?’ कविसंमेलनात विचारतात, ‘तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?’ दोन्ही प्रश्न प्रेमानंच विचारले जातात आणि दोन्हींचा मला सारखाच त्रास होतो. ते तिकीट मी म्हातारा सांगेल त्या किमतीला घेतलं.

परत आल्यावर शेजारच्या काकांकडं गेलो. ते निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. ओट्यावर बसले होते. १९७२ मध्ये ते कामावर होते हे मला माहीत होतं. तिकीट त्यांच्या तळहातावर ठेवलं, बांगलादेश, ढाका, एकवीस फेब्रुवारी, सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा चढवला. मिनाराकडं पाहिलं नाही. तिकीट उजेडात धरून कडेवरून बोट फिरवलं, चारही बाजूंनी.

‘दाते सरळ आलेत,’ ते म्हणाले. ‘आमच्याच पाळीचं असेल.’