हौदांभोवतीचे पुणे

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुण्याची तहान मुठा नदी, ओढे आणि वाड्यांतले आड यांवर भागत होती. पेशव्यांच्या कारभाराचे केंद्र झाल्यावर गावाचे शहर झाले, पेठांमागून पेठा वसल्या आणि एवढ्या वस्तीला हे पाणी पुरेना. तेव्हा, १७५० च्या सुमारास, नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणले.

या नळाला ना मोट लागली, ना रहाट. कात्रज उंचावर आणि शहर सखल, त्या उतारावरच पाणी वाहत आले. नळ आतून इतका प्रशस्त की माणसाला साफसफाईसाठी उतरता यावे. वाटेत ठिकठिकाणी दगडी उच्छ्वास बांधले होते. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे, तसेच गाळही काढता येई. पुढे नाना फडणवीस आणि रास्ते यांनीही आपापले नळ शहरात आणले. सरदारांच्या वाड्यांना थेट जोडण्या मिळाल्या. बाकीच्यांसाठी रस्त्यावर हौद होते.

काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, साततोटी ही नावे त्याच व्यवस्थेची. हौदावर घागरी, कळश्या घेऊन बायका येत, पाणके दुसऱ्यांच्या घरचे पाणी भरत. लग्न कुठे ठरले, कोण आजारी आहे, धान्याचा भाव काय झाला, हे पेठेला कळण्याची हीच जागा होती. छापील वर्तमानपत्र यायला अजून बराच अवकाश होता.

मात्र हे पाणी सगळ्यांचे नव्हते. अस्पृश्य मानलेल्या माणसांना सार्वजनिक हौदाला हात लावता येत नसे. दुसऱ्या कोणी वरून ओतले तरच त्यांची घागर भरे. पुण्याच्या पाणीपुरवठ्याचे कौतुक करताना ही बाजू बहुधा गाळली जाते, आणि ती गाळली की इतिहास खोटा होतो. १८६८ मध्ये जोतीराव फुले यांनी गंज पेठेतल्या आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. नळ बांधायला पेशव्यांचा खजिना लागला होता. इथे एका घराने आपल्या अंगणाचे दार उघडले, आणि जातीचा रोष पत्करून ते उघडेच ठेवले. पुण्याच्या नागरी इतिहासात याहून मोठी घटना क्वचितच सापडेल. तोवर शहरात नगरपालिका येऊन दहा वर्षे झाली होती. १८७६ पासून काही वर्षे फुले तिचे सभासद होते.

पाणी कोणाच्या हातचे, हा प्रश्न एवढ्यावर मिटला नाही. पाच हौदांवरून नाव पडलेल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये १८९० साली झालेल्या सभेत पाहुण्यांपुढे चहा आला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि पेठांत गहजब उडाला. न्यायमूर्ती रानडे आणि टिळकही त्या यादीत होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे टिळकांनी सांगितले. रानड्यांनीही पुढे ते घेतले. हौदावर कुजबुजले जाणारे आता छापून येऊ लागले होते.

दरम्यान खडकवासल्याचे धरण झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घरोघर नळाचे पाणी पोहोचू लागले. घागर घेऊन बाहेर पडण्याची गरज हळूहळू संपली. बरेच हौद कोरडे पडले, काही बुजवले गेले. कात्रजच्या नळावर रस्ते आणि इमारती आल्या, कुठे त्यात सांडपाणी शिरले.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याची भिंतही गेली. नदीकाठच्या पेठा पुराखाली बुडाल्या आणि नळ कोरडे झाले. त्या दिवसांत पुणेकर पुन्हा जुन्या विहिरी आणि हौदांकडे वळले. पूर ओसरला, धरण नव्याने उभे राहिले, शहर सिंहगड रस्त्याकडे आणि कोथरूडकडे पसरत गेले. त्या नव्या वस्त्यांना हौद कधी मिळालेच नाहीत. जुन्या पेठांतले बहुतेक हौद आता चौकांच्या नावांपुरते उरले आहेत. सातारा रस्त्याच्या बाजूला काही उच्छ्वास अजून उभे आहेत, आणि गंज पेठेचे नाव आता महात्मा फुले पेठ आहे.