दुभाष्याची जागा : वेब आणि डेटाबेस यांची पहिली जोडणी

वेबचा इतिहास सांगताना आपण सर्न आणि टिम बर्नर्स-ली यांच्यापासून निघतो आणि थेट ब्राउझरांच्या लढाईवर येतो. मधला एक प्रसंग गळतो. तो कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्डच्या स्लॅक या कणभौतिकी प्रयोगशाळेतला आहे, आणि माझ्या मते मूळ शोधाच्या खालोखाल त्याचेच महत्त्व आहे.

स्लॅकच्या ग्रंथालयाने १९७४ पासून भौतिकीतील शोधनिबंधांची सूची ‘स्पायर्स’ या डेटाबेसमध्ये राखली होती. जगभरच्या संशोधकांना ती हवी असे. पण ती होती आयबीएमच्या मेनफ्रेमवर. तिथे खाते असावे लागे, नाहीतर ठरावीक साच्यातला प्रश्न ई-मेलने पाठवून उत्तराची वाट पाहावी लागे.

१३ सप्टेंबर १९९१ रोजी स्लॅकचे पॉल कुंझ सर्नमध्ये बर्नर्स-ली यांना भेटले. नुसती दुव्यांची पाने पाहून ते फारसे हरखले नाहीत. मात्र वेबमधून सर्नच्या मेनफ्रेमवरील मदत-माहितीत शोध घेता येतो हे दिसताच त्यांना स्पायर्स आठवले. परतल्यावर त्यांनी ग्रंथपाल लुईस ॲडिस यांना हे सांगितले. त्यांनी कल्पना उचलून धरली. इतिहासात अभियंत्यांची नावे राहतात, ग्रंथपालांची नाही, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

आता खरा प्रश्न जागेचा होता. सूची उचलून नव्या यंत्रावर न्यायची, की सर्व्हरच सूचीपाशी आणायचा? सर्व्हर मेनफ्रेमवरच बसवला गेला. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. ग्रंथालयाची रोजची नोंदणी जिथे चालते तिथेच ती चालू राहिली. दुसरी प्रत नाही, म्हणून दोन प्रतींत तफावत पडण्याची भीतीही नाही. सर्व्हरचे काम दुभाष्याचे : पत्त्यातील प्रश्नचिन्हापुढचे शब्द घ्यायचे, स्पायर्सला समजेल असा प्रश्न करायचा, आलेले उत्तर पानाच्या रूपात परत करायचे. वाचकाला खात्याची गरज उरली नाही.

१२ डिसेंबर १९९१ रोजी हा सर्व्हर सुरू झाला. युरोपाबाहेरचा तो पहिलाच. पुढच्याच महिन्यात फ्रान्समधील ला लोंद येथे भौतिकशास्त्रज्ञांसमोर बर्नर्स-ली यांनी आपल्या व्याख्यानाचा शेवट स्पायर्समध्ये शोध घेऊन केला. श्रोत्यांना नव्या तंत्राचे सिद्धांत ऐकवण्यापेक्षा त्यांचीच रोजची सूची समोर उघडून दाखवणे किती परिणामकारक ठरले असेल!

१९९३ मध्ये अमेरिकेतील एनसीएसएमध्ये सीजीआय हा संकेत ठरला आणि असा दुभाषी कोणालाही बसवता येऊ लागला. त्यात प्रत्येक विनंतीला नवी प्रक्रिया सुरू होई, डेटाबेसशी जोडणी पुन्हा नव्याने उघडावी लागे. गर्दी वाढली की यंत्र दमे. म्हणून पुढे जोडण्या उघड्याच ठेवून आलटून पालटून वापरण्याची पद्धत आली.

स्पायर्सची जागा आता ‘इन्स्पायर’ने घेतली आहे. तिथे ‘फाइंड’ने सुरू होणारी स्पायर्सची जुनी आज्ञा आजही चालते.