गणितामुळे बिघडलेले कॉम्प्युटर

दिवाळीच्या आधी माळा आवरताना आमचा जुना कॉम्प्युटर खाली आला. बाबांनी २००४ साली असेंबल करून घेतलेला, तेव्हा पांढरा आणि आता पिवळट पडलेला डबा. भंगारवाल्याला देऊन टाका, असं घरात सगळ्यांचं मत होतं. मी म्हटलं, देण्याआधी एकदा उघडून बघतो.

या डब्याशी माझा जुना हिशोब आहे. घेतल्यावर अडीच वर्षांत तो आजारी पडला. बटण दाबलं की पंखा एक गिरकी घ्यायचा आणि थांबायचा. आठ-दहा वेळा दाबल्यावर कधीतरी सुरू व्हायचा, आणि एकदा सुरू झाला की दिवसभर नीट चालायचा. थंडीत त्रास जास्त. आई म्हणायची, याला तुझ्यासारखंच सकाळी उठायचं जिवावर येतं. मग एक दिवस तो उठलाच नाही. दुरुस्तीवाले काका आले. त्यांनी डबा उघडायच्या आधी मला विचारलं, "गेम किती खेळतोस रे?" मी तिसरीत होतो, खरं सांगून टाकलं. निदान तिथेच झालं. "एवढा लोड दिल्यावर जळणारच की." नवा एसएमपीएस लागेल, कदाचित मदरबोर्डही, असं ते म्हणाले. बाबा म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. पुढचा कॉम्प्युटर थेट माझ्या दहावीनंतर आला. मधल्या काळात 'यानं गेम खेळून कॉम्प्युटर जाळला' हे वाक्य प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर मिळत होतं.

तर, एसएमपीएस उघडला. (घरी करणार असाल तर सावध. आपल्या २३० व्होल्टवर आतल्या दोन मोठ्या कपॅसिटरमध्ये मिळून सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहू शकतात. रेझिस्टर लावून ते उतरवायचे, मग मीटरनं खात्री करायची, मगच हात घालायचा.) धुळीचा थर फुंकला आणि वीस वर्षांपूर्वीच्या खटल्यातला पुरावा समोर आला. ज्या बाजूनं ५ आणि १२ व्होल्टच्या तारा बाहेर पडतात तिथे, गरम हीटसिंकला खेटून, चार कपॅसिटर उभे होते. चौघांचीही डोकी पुरीसारखी फुगलेली. एकाच्या डोक्यावरची चीर उघडून तपकिरी राप बाहेर आला होता.

हे फुगणं नेमकं काय असतं ते सांगतो. अ‍ॅल्युमिनियमचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून अळुवडीच्या गुंडाळीसारखा असतो. अ‍ॅल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे, त्यांच्यामध्ये कागद, आणि कागद भिजवायला एक द्रव, म्हणजे इलेक्ट्रोलाइट. एका पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवलेला असतो. वीज अडवून धरायचं काम हा थर करतो आणि कुठे खरवडला गेला तर द्रवाच्या मदतीनं स्वतःला बरं करून घेतो. कल्पना जुनी आहे. कारोल पोलाक या पोलिश संशोधकानं १८९६ साली अशा कपॅसिटरचं पेटंट घेतलं, आणि त्याचा द्रव होता टाकणखाराचं पाणी. कंपन्यांची खरी गुपितं तेव्हापासून या द्रवातच आहेत. पत्रा कोणीही विकत घेऊ शकतो. द्रवाची पाककृती मात्र ज्याची त्याची.

१९९० च्या दशकाच्या शेवटी या पाककृतीवर ताण आला. प्रोसेसर कमी व्होल्ट आणि जास्त करंट मागू लागले. दीड-पावणेदोन व्होल्ट, पण तीस-चाळीस अँपियर. तीही मागणी स्थिर नाही, क्षणात वर आणि क्षणात खाली. अशा ठिकाणी कपॅसिटरचा अंतर्गत रोध, म्हणजे ईएसआर, खूप कमी लागतो. तो कमी करायचा स्वस्त मार्ग म्हणजे द्रवात पाण्याचं प्रमाण वाढवणं. अडचण अशी, की अ‍ॅल्युमिनियम आणि पाणी एकत्र सुखानं राहत नाहीत. ऑक्साइडचा पडदा फाटला की पाणी धातूला खातं आणि हायड्रोजन सुटतो. म्हणून त्यात फॉस्फेटसारखी आवर घालणारी रसायनं टाकावी लागतात. जपानी कंपन्यांनी हे गणित जमवलं होतं. आवर नसेल तर बंद डब्यात वायू साठतो आणि डोकं फुगतं. डब्यावर + किंवा के आकाराची खाच असते ती यासाठीच, फुटायचंच असेल तर शिस्तीत फुटावं म्हणून.

साधारण १९९९ पासून पुढची सात-आठ वर्षं जगभर कपॅसिटर अकाली फुगत होते, गळत होते. मदरबोर्ड, एसएमपीएस, मॉनिटर, काहीही सुटलं नाही. इंग्रजीत या प्रकाराला 'कपॅसिटर प्लेग' असं नाव पडलं. पुण्यामुंबईच्या माणसाला प्लेग म्हटलं की १८९७ आठवतं, त्यामुळे मला ते नाव जरा जास्तच वाटतं. असो.

या साथीची एक गोष्ट सांगितली जाते आणि ती सिनेमासारखी आहे. २००२ साली पॅसिव्ह कंपोनंट इंडस्ट्री या व्यापारी मासिकानं ती छापली, २००३ मध्ये आयईईई स्पेक्ट्रमनं पुढे नेली. जपानी कंपनीतला एक शास्त्रज्ञ द्रवाची पाककृती घेऊन बाहेर पडतो आणि एका तैवानी कंपनीच्या चीनमधल्या शाखेत काम करू लागतो. तिथून ती पाककृती तैवानमधल्या एका इलेक्ट्रोलाइट बनवणाऱ्याला विकली जाते. पण विकली जाते ती अर्धवट. आवर घालणारी रसायनं त्यात नसतातच. तैवानचे कपॅसिटरवाले तो द्रव भरतात, स्वस्त माल जगभर जातो, आणि वर्षा-दोन वर्षांत फुगू लागतो.

माझ्यासारख्याला ही गोष्ट लगेच आवडते. आम्ही रोज हेच करतो. इंटरनेटवरून कोणाचा तरी कोड उचलायचा, त्यातली ती विचित्र दिसणारी, कशासाठी आहे ते न कळणारी ओळ काढून टाकायची, आणि सहा महिन्यांनी रात्री दोन वाजता कळतं की ती ओळ कशासाठी होती. कॉलेजच्या फाइली आठवा. ज्याची जर्नल उतरवली त्यानं एक आकृती मुद्दाम चुकवलेली असायची.

पण या गोष्टीची गंमत ओसरल्यावर दोन गोष्टी खटकतात. एक, त्या शास्त्रज्ञाचं नाव कधी पुढे आलं नाही आणि चोरी कुठल्या न्यायालयात सिद्ध झाली नाही. दोन, ही गोष्ट फारच सोयीची आहे. तिच्यात चोर आहे, तो दूर आशियात आहे, आणि ज्यांनी तो माल विकत घेऊन, बोर्डावर बसवून, वर आपलं नाव छापून विकला ते सगळे फसवले गेलेले सज्जन. अ‍ॅबिट या तैवानच्या मदरबोर्ड कंपनीनं निदान त्या वेळी दोष जाहीरपणे कबूल केला. बाकीचे बहुतेक गप्प होते. अ‍ॅपलनं २००५ मध्ये आयमॅक जी-५ साठी मोफत दुरुस्तीची योजना काढली. तिच्या नावात 'व्हिडिओ आणि पॉवरच्या अडचणी' असा शब्दप्रयोग होता, कपॅसिटर हा शब्द नव्हता.

सगळ्यात जास्त कागदपत्रं उपलब्ध आहेत ती डेलच्या प्रकरणाची. डेलच्या ऑप्टिप्लेक्स या ऑफिसात वापरायच्या कॉम्प्युटरवरचे कपॅसिटर गळत होते. ते बनवले होते निचिकॉननं, म्हणजे जुन्या, नावाजलेल्या जपानी कंपनीनं. तैवानचा चोर या प्रकरणात कुठेच नव्हता. २००५ मध्ये डेलनं दुरुस्त्यांसाठी ३० कोटी डॉलरचा खर्च हिशोबात दाखवला. २००७ साली एका ग्राहक कंपनीनं अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात दावा लावला, आणि २०१० मध्ये त्यातली कागदपत्रं खुली झाली. न्यूयॉर्क टाइम्सनं त्यावर सविस्तर बातमी केली. मे २००३ ते जुलै २००५ या काळात विकलेले किमान १ कोटी १८ लाख कॉम्प्युटर धोक्यातले होते. दाव्यातल्या माहितीप्रमाणे, सदोष भाग असलेल्या मशिनांपैकी ९७ टक्क्यांपर्यंत मशिनं तीन वर्षांत त्रास देतील, असा कंपनीच्याच अभ्यासाचा अंदाज होता. बिघडलेला बोर्ड बदलून कधी कधी तसाच सदोष बोर्ड बसवला जात होता. विक्रेत्यांना सूचना होत्या की हा विषय आपणहून काढू नका, आणि काढावाच लागला तर नक्की काही सांगता येत नाही यावर भर द्या. डेलची बाजू लढवणाऱ्या वकिलांच्या फर्मकडेही असे हजार संशयित कॉम्प्युटर होते आणि ते दुरुस्त करून द्यायला डेल खळखळ करत होती.

पण मला खरा धक्का बसला तो एका छोट्या तपशिलानं. ऑस्टिनमधल्या टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागातले डेलचे कॉम्प्युटर बंद पडू लागले. कंपनीनं मशिनं तपासली आणि कारण सांगितलं: तुम्ही यांच्यावर फार अवघड गणितं करता, त्यामुळे ताण येतो.

गणित विभागाला सांगितलं, गणितं फार करता! हे वाचलं तेव्हा मी ऑफिसच्या बसमध्ये होतो आणि मोठ्यानं हसलो. नंतर हसू मावळलं. "गेम किती खेळतोस रे?"

हा आरोप पटतो, कारण तो अर्धा खरा असतो. लोड वाढला की करंटची चढउतार वाढते, कपॅसिटर तापतो, आणि ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. म्हणजे गेम खेळल्यानं तो लवकर मेला, हे तांत्रिकदृष्ट्या चूक नाही. पण त्या भागाचं कामच लोड सोसणं हे आहे. पावसात छत्री गळाली तर दुकानदार म्हणाला, तुम्ही पावसात गेलात ना, त्यातला हा प्रकार.

इथे मला माझंही एक सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी एका ग्राहकाची तक्रार आली, रिपोर्ट अधूनमधून अर्धवट येतो. आमच्या कोडमध्ये दोन थ्रेड एकमेकांच्या पायात पाय घालत होते. मला अंदाज आला होता, सिद्ध झालं नव्हतं, आणि रिलीज चार दिवसांवर होता. मी लिहिलं: 'तुमच्याकडून एकाच वेळी खूप रिक्वेस्ट येत आहेत, कृपया लोड कमी करून पाहा.' त्यांनी कमी केला. अडचण जवळपास थांबली, थांबणारच होती. त्यांनी आभारही मानले. खरी दुरुस्ती दोन महिन्यांनी 'किरकोळ सुधारणा' या नावाखाली गेली. मला कोणी खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. त्यामुळे डेलच्या त्या सूचना वाचताना मला त्या लिहिणाऱ्याचा चेहरा अगदीच अनोळखी वाटत नाही.

त्यानंतरच्या शनिवारी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. काऊंटरवरच्या माणसाला नुसतं '१००० मायक्रोफॅरड, १० व्होल्ट' सांगितलं तर तो समोर असेल तो देतो. मागायचं ते 'लो ईएसआर, १०५ डिग्री'. व्होल्ट जुन्याइतके किंवा थोडे जास्त चालतात, कमी कधीच नाही. जाडी आणि उंची मोजून न्यायची, नाहीतर दोन तारांच्या गर्दीत तो बसतच नाही. चार फुगलेले होते, मी पाच आणले. पाचवा स्टँडबायच्या सर्किटमधला. बटण बंद असलं तरी प्लग चालू आहे तोवर हा राबतच असतो, आणि बारीक असल्यामुळे पुष्कळदा न फुगता आतल्या आत सुकतो. सकाळी उठायला वेळ लागणं हे सुकलेल्या, फुगलेल्या कपॅसिटरचंच लक्षण. थंड असताना द्रवाचा रोध वाढतो, जरा धग लागली की उतरतो. आईचं निदान काकांपेक्षा बरं होतं.

जुने काढायला दुपार गेली. स्वस्त बोर्डाचं तांबं लगेच उचलतं, म्हणून आधी थोडं नवं सोल्डर लावून मगच पंपानं ओढायचं. काढलेल्यांपैकी दोघांच्या बुडाचं रबरही बाहेर आलं होतं. माझ्या एसएमपीएसमध्ये तो अर्धवट पाककृतीचा द्रव होता की नुसताच हलका माल गरम जागी बसवला होता, हे फुगलेल्या डोक्यावरून सांगता येत नाही. पट्ट्याची बाजू उणे, हे तीनदा तपासलं. उलटा बसला तर लगेच फुटतो. मग झाकण लावलं, लोड म्हणून एक जुना हार्ड डिस्क आणि पंखा जोडला, हिरवी तार काळीला टेकवली. पंखा फिरला आणि फिरत राहिला. मीटरवर लाल तार ५.०६, पिवळी ११.९.

बाबांना बोलावलं. फुगलेले चार त्यांच्या तळहातावर ठेवले, डेल, टेक्सास, पाणी, हायड्रोजन सगळं सांगितलं. त्यांनी एकेक चष्म्याजवळ नेऊन पाहिला.

"म्हणजे गेममुळे नव्हतं?"

"नाही."

"पण खेळायचास फार," म्हणाले आणि पेपर उचलला. जाताना मात्र ते चारही कपॅसिटर शर्टाच्या खिशात घालून घेऊन गेले. संध्याकाळी आत्या आली तेव्हा टेबलावर मांडून तिला दाखवत होते, हायड्रोजनसकट.

मदरबोर्डवर प्रोसेसरच्या कडेनं आणखी सात फुगलेले आहेत. ते ३३०० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्टचे, आणि तिथे जागा फारच अडचणीची आहे.