टाक्यांनंतरचे दिवस

शस्त्रक्रियेचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी बहुधा शस्त्रावरच खिळलेली असते. जखम शिवून झाल्यावर रुग्णाला जे दिवस अंथरुणावर काढावे लागतात, त्यांची नोंद त्यांच्या दप्तरांत क्वचितच सापडते. स्त्रीरोगचिकित्सेत मात्र पुष्कळदा हे दिवसच निर्णायक ठरले, कारण मूत्राशयाची शिवण जुळून येईपर्यंत त्यात मूत्र साठू देऊन चालत नाही, आणि मूत्र तर क्षणभरही थांबत नाही.

अडलेल्या बाळंतपणात अर्भकाचे मस्तक दीर्घकाळ अडकून राहिले, की मूत्राशय आणि योनिमार्ग यांमधला पडदा दाबाने निर्जीव होऊन गळतो, तेथे छिद्र उरते आणि मूत्र अहोरात्र झिरपू लागते. या असाध्य मानलेल्या व्याधीवर अमेरिकेतील अलाबामा प्रांती, माँटगमेरी येथे, जे. मॅरियन सिम्स या वैद्याने १८४५ पासून आपल्या परसातल्या लहानशा रुग्णालयात जे प्रयोग आरंभिले, ते अनार्का, बेट्सी, लूसी आदी गुलाम स्त्रियांवर. मालकांशी त्याचा करार असा, की पोसण्याचा खर्च वैद्याचा, कपडालत्ता आणि सरकारी कर मालकांचे. ज्यांच्या देहाचा हा व्यवहार, त्यांची संमती विचारण्याचे कलम त्यात नव्हते. ईथरचा उपयोग १८४६ मध्ये जाहीर झाल्यानंतरही या स्त्रियांना भूल दिली गेली नाही.

लूसीची कथा विशेष विदारक आहे. मूत्र शोषले जावे म्हणून सिम्सने तिच्या मूत्राशयात स्पंज बसविला. तो तेथे कठीण होऊन आसपासच्या मांसात रुतला, ताप चढला, आणि ती मरणाच्या दारातून परतली, तरी पूर्ववत होण्यास तिला दोन-तीन महिने लागले. तेव्हा कोठे स्पंज टाकून देऊन आपोआप टिकून राहणारी नागमोडी नळी वापरण्याची कल्पना वैद्यबुवांना सुचली. पुढे १८४९ मध्ये, रेशमी धाग्याऐवजी चांदीच्या तारेने टाके घातल्यावर, सुमारे तिसाव्या शस्त्रक्रियेत अनार्काची जखम मिटली. यशाचे श्रेय चांदीला मिळाले. पण माझ्या मते त्या नळीचा आणि तिची निगा राखणाऱ्या हातांचा वाटा त्याहून कमी नव्हता. गोरे मदतनीस वारंवारच्या अपयशाने कंटाळून गेल्यावर याच स्त्रिया एकमेकींना धरून ठेवीत, शस्त्रक्रियेत साहाय्य करीत व शुश्रूषाही करीत. सिम्सचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या कडेवरून २०१८ साली हलविला गेला, तो या हिशेबाची उशिरा झालेली तपासणी म्हणावी लागेल.

रुग्णानेच परिचारिका व्हावे ही रीत पुढे अदिस अबाबा येथे, रेजिनाल्ड व कॅथरीन हॅम्लिन या दांपत्याने १९७४ मध्ये उघडलेल्या रुग्णालयात, स्वेच्छेच्या पायावर रुजली. तेथे बऱ्या झालेल्या कित्येक जणी परिचर्येस राहिल्या. त्यांपैकी मामितू गाशे ही शाळेचे तोंड न पाहिलेली स्त्री पाहून पाहून शिकत स्वतः शस्त्रक्रिया करू लागली. छिद्र मिटले तरी आकुंचित झालेल्या किंवा धारणशक्ती गमावलेल्या मूत्राशयामुळे काही जणींची गळती सुरूच राहते, आणि ज्यांचे मूत्र अन्य मार्गाने वळवावे लागते त्यांना तर आजन्म देखरेख लागते. अशांसाठी शहराबाहेर देस्ता मेंदर नावाची वसाहत वसविण्यात आली, जेथे औषधोपचाराबरोबर चरितार्थाची कामेही शिकविली जातात.