गुणवत्तेची मोजपट्टी कोणाच्या हाती?

राखीव जागांचा प्रश्न निघाला की प्रस्थापित वर्ग ‘गुणवत्ता’ हा शब्द ढालीसारखा पुढे करतो. जणू गुणवत्ता ही तराजूत घालून तोलता येणारी वस्तू आहे आणि तराजू धरणाऱ्या हाताला ना जात आहे, ना हितसंबंध. हा दावा तपासण्यासाठी मी मुद्दाम एक दूरचे उदाहरण घेतो आहे. ते म्हणजे अमेरिकेतील बेसबॉल आणि त्यातील होतकरू खेळाडूंची निवड. मैदानावर तरी डोळ्यांना दिसते तेच खरे, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास काय सांगतो?

बेसबॉलमध्ये नवखे खेळाडू पारखण्याचा स्वतंत्र व्यवसायच आहे. पारख करणाऱ्याला स्काउट म्हणतात. शाळा-कॉलेजांची मैदाने धुंडाळत तो प्रत्येक पोराला पाच गोष्टींवर तोलतो : चेंडू नेमका टोलवणे, दूरवर मारणे, धावणे, क्षेत्ररक्षण आणि फेक. गुण 20 ते 80 या श्रेणीत दिले जातात. 50 म्हणजे वरच्या दर्जाच्या संघातला सरासरी खेळाडू. धावण्याला घड्याळ लावता येते, फेकीचा वेग यंत्राने मोजता येतो. पण या पाचांपलीकडे स्वभाव, जिद्द, वळण असा आणखी एक रकाना असतो. त्याला घड्याळ नाही. तेथे स्काउटचे मन बोलते, आणि मन समाजाने घडवलेले असते.

16 एप्रिल 1945 रोजी बोस्टनच्या रेड सॉक्स संघाने जॅकी रॉबिन्सन, सॅम जेथ्रो आणि मार्विन विल्यम्स या तीन काळ्या खेळाडूंची चाचणी घेतली. ती मनापासून नव्हती. नगरसेवक इसाडोर मचनिक यांनी रविवारच्या सामन्यांच्या परवान्यावरून दबाव आणला होता आणि पत्रकार वेंडेल स्मिथ यांनी खेळाडू आणून उभे केले होते. रॉबिन्सनने मैदानाच्या भिंतीवर चेंडू आदळवले. तिघांकडून अर्ज भरून घेतले गेले. उत्तर कधीच आले नाही. पुढे 1947 साली ब्रुकलिनकडून खेळताना रॉबिन्सन वर्षातील सर्वोत्तम नवोदित ठरला. 1950 साली तोच मान जेथ्रोला मिळाला, तोही बोस्टनच्याच दुसऱ्या संघाकडून. रेड सॉक्सने पहिला काळा खेळाडू घेतला तो 1959 साली, साऱ्या संघांच्या शेवटी. त्या दिवशी गुण दिसले नाहीत असे कोण म्हणेल? दिसले, पण मान्य करायचे नव्हते.

मोझेस फ्लीटवुड वॉकर 1884 साली खेळला. त्यानंतर रॉबिन्सनपर्यंत वरच्या लीगची दारे काळ्यांना बंद होती. तसा लेखी नियम नव्हता. अलिखित नियम किती पक्के असतात हे आम्हाला कोणी शिकवायला नको. बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा त्याच न्यूयॉर्क शहरात वरच्या लीगचे तीन संघ खेळत होते आणि एकातही काळा खेळाडू नव्हता. काळ्यांनी आपल्या स्वतंत्र लीग उभारल्या. तेथला महान फटकेबाज जॉश गिब्सन जानेवारी 1947 मध्ये, रॉबिन्सनच्या पहिल्या सामन्याआधी तीन महिने, 35 व्या वर्षी वारला. या लीगना वरचा दर्जा मिळाला 2020 साली. 2024 साली त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत धरले गेले आणि टाय कॉबला मागे टाकून गिब्सन फलंदाजीच्या सरासरीत सर्वकाळचा पहिला ठरला. मोजपट्टी बदलली नाही. फक्त ती सर्वांना लावली गेली.

1965 साली ड्राफ्ट सुरू झाला. आदल्या वर्षी जो संघ तळाला, त्याला पहिली निवड. हे त्याचे मूळ तत्त्व. 2023 पासून पहिल्या काही क्रमांकांसाठी सोडत काढतात, तरी झुकते माप दुबळ्या संघांनाच असते. भांडवलशाहीच्या माहेरघरात स्पर्धा टिकावी म्हणून दुबळ्याला आधी संधी देतात, त्याला कोणी गुणवत्तेची हत्या म्हणत नाही! मात्र हा न्याय संघमालकांपुरताच. खेळाडूला आपला संघ निवडता येत नव्हता, आणि करारातील कलमाने तो मालकाशी कायमचा बांधला जाई. कर्ट फ्लड या काळ्या खेळाडूने 1969 साली आपली अदलाबदल नाकारली आणि तो न्यायालयात गेला. 1972 साली सर्वोच्च न्यायालयात तो हरला, पण मालकीच्या भिंतीला तडा गेला. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली.

आणि एवढे मोजून पारख तरी अचूक ठरते काय? माइक पियाझाला 1988 साली 62 व्या फेरीत घेतले. तो पुढे सर्वश्रेष्ठांच्या दालनात गेला. डॉमिनिकन प्रजासत्ताकातून आलेल्या अल्बर्ट पुहोल्सआधी 1999 साली 401 जणांची निवड झाली होती. त्याने पुढे 703 होम रन काढल्या. ज्यांची फेरी कधी आलीच नाही त्यांचा हिशेब कोणत्याच वहीत नाही.

आज दाराला कुलूप नाही, पण दारापर्यंतचा रस्ता महाग झाला आहे. स्काउट जेथे पाहतात ती फिरती शिबिरे आणि खासगी संघ पालकांच्या पैशांवर चालतात. 1981 साली वरच्या लीगमध्ये काळे अमेरिकन सुमारे 18 टक्के होते. 2023 साली ते 6 टक्क्यांच्या आसपास उरले. उलट 2022 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या पाचांपैकी चार काळे खेळाडू होते, आणि ते चौघेही लीगने अशा मुलांसाठी मुद्दाम चालवलेल्या प्रशिक्षणातून गेलेले होते. बी तेच होते. पाणी मिळाले, एवढाच फरक.

आपल्याकडे पळवणकर बाळू यांनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. त्यांच्या फिरकीचे गुण साऱ्यांना मान्य होते. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्यांना कधीच मिळाले नाही. ते 1923 साली त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळाले. चेंडू टाकणारा हात चालतो, हुकूम देणारा हात चालत नाही, हीच वर्णव्यवस्थेची गुणवत्ता.

म्हणून माझे म्हणणे एवढेच : गुणवत्तेला आमचा विरोध नाही. उद्या कोणी आमच्या मुलांसमोर हा शब्द उच्चारला, तर त्यांनी खाली मान घालू नये. मैदान कोणाचे, मोजणारा कोण, आणि मोजायला बोलावले कोणाला, हे तीन प्रश्न त्यांनी आधी विचारावेत.