वळवळ
वळवळ हे मराठीतील स्त्रीलिंगी नाम असून लवचीक शरीराची जागच्या जागी होणारी वेडीवाकडी, पिळवटल्यासारखी व न थांबणारी हालचाल असा त्याचा मुख्य अर्थ आहे. ‘वळवळणे’ हे त्याचे अकर्मक क्रियापद होय. फडफड, खळखळ या द्विरुक्त शब्दांत ध्वनीचे अनुकरण असते. वळवळीला आवाज नसतो; ‘वळणे’ या क्रियेचीच पुनरावृत्ती शब्दात दिसते.

अळी, गांडूळ, वाम मासा तसेच पालीची तुटलेली शेपटी वळवळते. जिवंतपणा ही या शब्दाची अट नाही, हे शेवटच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

कोशात चुळबुळ, तळमळ, तगमग, तडफड हे शब्द जवळजवळ दिले जात असले तरी ते एकमेकांच्या जागी सहसा चालत नाहीत. कंटाळलेला विद्यार्थी बाकावर चुळबुळ करतो. ताप किंवा उकाडा यांनी जिवाची तगमग होते. पाण्याबाहेर काढलेला मासा तडफडतो. या शब्दात प्राणांतिक वेदना आहे. तळमळ मनाची असते आणि ‘समाजाविषयी तळमळ’ अशा प्रयोगात ती गुण ठरते. हात मात्र शिवशिवतात, वळवळत नाहीत. जिभेबाबत दोन शब्द आहेत: सापाची जीभ लवलवते, तर नको तेथे बोलण्यास उतावळ्या झालेल्या माणसाची वळवळते. विक्षिप्त कल्पना सुचणे या अर्थी ‘डोक्यात किडा वळवळणे’ असेही म्हणतात.

किड्यांशी असलेल्या या साहचर्यामुळे माणसांच्या संदर्भात वळवळ हा शब्द तुच्छतादर्शक होतो. ‘विरोधकांची वळवळ’ असे लिहिणारा त्यांच्या कृतीचे केवळ वर्णन करत नाही, तिला क्षुद्रही ठरवतो. वृत्तलेखनात व भाषांतरात हा शब्द तटस्थ समजून वापरणे म्हणूनच चुकीचे आहे.

याच यमकाच्या ‘चळवळ’ या शब्दाचे नशीब निराळे. त्याचाही जुना अर्थ अस्वस्थ हालचाल, चुळबुळ असाच होता. पुढे तो संघटित सार्वजनिक प्रयत्नांसाठी रूढ झाला. 1942 ची ‘छोडो भारत’ चळवळ व संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ही त्याची परिचित उदाहरणे. जुन्या अर्थाचा अंश ‘चळवळ्या’ या विशेषणात अजून टिकून आहे: स्वस्थ न बसणाऱ्या मुलालाही ते लावतात आणि कार्यकर्त्यालाही, कधी कौतुकाने, कधी वैतागून.